आत्याचा घोडा पाचशेचा की पाच लाखांचा?

मृण्मयी_रावपुरा

मंडळी, सल्ला हवाय. सल्ल्यासोबत थोडं भांडण झालं तरी चालेल.

आमच्या आत्याकडे एक लाकडी घोडा आहे. वीतभर उंच, चार-पाच ठोकळे जोडून केलेला, कानांच्या जागी चामड्याचे तुकडे, गळ्यात मण्यांची माळ. दोरी ओढली की मान हलते. साठच्या दशकाच्या शेवटी आपल्या बडोद्याच्या फाइन आर्ट्स फॅकल्टीच्या फेअरमधून तिने तो घेतला. तेव्हा ती नुकतीच शाळेत नोकरीला लागली होती. घरातल्या सगळ्या पोरांनी तो फरफटवलाय. एक कान माझ्या चुलतभावाने लहानपणी चावून संपवला, तो भाऊ आता बँकेत मॅनेजर आहे.

मध्यंतरी चित्रांच्या खरेदीविक्रीतले एक गृहस्थ दुसऱ्याच कामासाठी घरी आले. घोडा उचलला, उलटा केला, पोटाखाली बघितलं आणि म्हणाले, "हे मणीदांचं असू शकतं." म्हणजे तिथे शिकवणारे चित्रकार के. जी. सुब्रमण्यन. "तसं सिद्ध झालं तर लाखांत जाईल. नाही झालं तर खेळणं छान आहे." चहा घेतला आणि गेले.

तेव्हापासून घरात शांतता नाही. बँक मॅनेजर म्हणतो लॉकरमध्ये ठेवा. वहिनी म्हणते विकून टाका, आत्याच्या गुडघ्यांचा खर्च निघेल. आत्या काहीच म्हणत नाही, तिने तो परत पणतूच्या हातात दिला.

माझा प्रश्न वेगळाच आहे. त्या गृहस्थांनी घोडा हातात घेऊन बघितला, तरी तो कितीचा हे त्यांना सांगता आलं नाही. लाकूड समोर, रंग समोर, करणाऱ्याचा हात कसा होता तेही समोर. मग पाचशे आणि पाच लाख यांच्यातला फरक नेमका कुठे ठेवलेला असतो?

जुना_प्रिंटमेकर

ताई, मी फॅकल्टीचाच, म्हणून आधी फेअरबद्दल. १९६१ पासून हा फेअर भरायला लागला. शिक्षक आणि विद्यार्थी मिळून खेळणी, मुखवटे, बाहुल्या, छापील कापड असं काय काय करायचे आणि सामान्य माणसाला परवडेल अशा भावात विकायचे. मणीसर म्हणजे भित्तिचित्रं, काचेवरची चित्रं, टेराकोटा, कलेवरचं लेखन असं सगळं करणारा माणूस. पण फेअरसाठी खेळणी करण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. लाकूड, मणी, चामडं हीच त्यांची सामग्री, त्यामुळे तुमच्याकडे आलेल्या गृहस्थांचा अंदाज अगदीच हवेतला नाही.

पण जपून. फेअर म्हणजे सगळ्यांनी मिळून केलेलं काम. सरांचं बघून विद्यार्थीही तसंच करायचे, आणि ते शिकायलाच तर आले होते. खेळण्यावर सही कोण करतो? त्यामुळे 'कोणाचं' या प्रश्नाला घोड्याकडे उत्तर नसेल. उत्तर असलंच तर कागदात. तेव्हाचा एखादा फोटो, पावती, प्रदर्शनाचा कॅटलॉग, त्यांच्या कामाचा आयुष्यभर अभ्यास केलेल्या कोणाचं लेखी मत. आमच्या धंद्यात याला प्रॉव्हेनन्स म्हणतात, आणि पाच लाखांतले चार लाख नव्वद हजार या प्रॉव्हेनन्सचे असतात. तुमचा फरक तिथे ठेवलेला आहे.

सुमेध_अलकापुरी

प्रॉव्हेनन्स वगैरे सोडा हो. सगळा काळा पैसा आहे. कॅनव्हास दोन हजारांचा, रंग पाच हजारांचे, आणि चित्र ११८ कोटींचं? हुसेनच्या त्या चित्राची बातमी वाचली तेव्हा वडील म्हणाले, मीटरवर भाव लावला असता तरी इतका झाला नसता.

जुना_प्रिंटमेकर

सुमेध, वडिलांना सांग, मीटरवर नाही पण इंचावर लावतातच! नवा चित्रकार गॅलरीत गेला की त्याचा भाव बऱ्याचदा चौरस इंचावर ठरतो. माझा एक मित्र छोट्या चित्रांवर महिनोन्महिने घालवायचा, त्याची मोठी चित्रं दोन दिवसांत व्हायची. विकताना मोठं महाग, छोटं स्वस्त. घेणाऱ्याला काही वाटायचं नाही, तो मात्र दर वेळी चिडायचा.

आणि तू ज्या चित्राबद्दल बोलतोयस, 'ग्राम यात्रा', ते १९५४ मधलं. नॉर्वेच्या एका डॉक्टरने ते त्याच वर्षी घेतलं, पुढे ऑस्लोच्या हॉस्पिटलला दिलं, आणि तिथे ते कित्येक दशकं भिंतीवर होतं. लोक रिपोर्ट घेऊन त्याच्यासमोरून जात असतील. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ३७ लाख डॉलरवर गेलं, म्हणजे ११८ कोटी. यात काळा पैसा कुठे आला? विकणारं हॉस्पिटल होतं आणि आलेले पैसे डॉक्टरांच्या प्रशिक्षणासाठी आहेत. त्या भिंतीवर असताना चित्र वाईट होतं असं कोणी म्हणणार नाही. त्याला रांगेत उभे असलेले दोन श्रीमंत भेटले नव्हते, एवढंच. लिलावात आकडा चढायला दोनच लागतात.

सुमेध_अलकापुरी

ठीक, हे माहीत नव्हतं. काळा पैसा मागे घेतो. अर्धाच.

सराफकट्टा

मृण्मयीबेन, आमच्या दुकानात हे रोज होतं, फक्त आकडे लहान. गिऱ्हाईक येतं, "आईच्या पाटल्या आहेत, मोडायच्या आहेत." मी वजन करतो, शुद्धता बघतो, त्या दिवसाचा भाव लावतो. ती बाई म्हणते, अहो कारागिरी बघा, अशी कोणी करत नाही आता. खरंय. मलाही दिसते. पण मोडीत कारागिरीला शून्य. त्याच पाटल्या घेताना तिच्या आईने घडणावळ भरलेली असते. आज ती आठ-दहा टक्क्यांपासून नाजूक कामाला वीस-पंचवीसपर्यंत जाते, वर तीन टक्के जीएसटी. दुकानाची पायरी उतरली की एवढं गेलं. खडे जडवले असतील तर मोडताना त्यांचं वजनही वजा.

लोक म्हणतात सराफ लुटतो. मी म्हणतो, दोन गोष्टी एका डबीत विकल्या जातात. सोन्याला रोज छापलेला भाव आहे, हॉलमार्क आहे, २०२३ पासून त्यावर सहा अक्षरी नंबरही लागतो. म्हणून ते जगात कुठेही मोडता येतं. कारागिरीला दुसरं गिऱ्हाईक शोधावं लागतं, आणि माझ्याकडे ते शोधायला वेळ नाही, भट्टी आहे.

हिऱ्याचं तर बोलूच नका. सुरतेत लॅबमध्ये पिकवलेला हिरा आणि खाणीतला हिरा, कार्बन तोच, चमक तीच, माझी नजरसुद्धा भिंगातून भेद सांगू शकत नाही, मशीन लागतं. सुरुवातीला भाव जवळजवळ सारखे होते, आता लॅबचा कुठच्या कुठे खाली आलाय. परवा एक मुलगी म्हणाली, "काका, मला लॅबचाच द्या, बोटावर तर सारखाच दिसणार." तिच्या होणाऱ्या सासूचा चेहरा मात्र बघण्यासारखा होता.

गायकवाडी_बखर

सराफकाका, तुमच्या हिऱ्यावरून मोती आठवले, आणि बडोद्यात मोत्यांचा विषय निघाला की इथले राजे खंडेराव महाराज गायकवाड यांना टाळता येत नाही. ब्राझीलमध्ये १८५३ मध्ये सापडलेला 'स्टार ऑफ द साउथ' हा १२८ कॅरेटचा हिरा याच महाराजांनी सुमारे ८० हजार पौंडांना घेतला होता. पण माझा मुद्दा मोत्यांच्या गालिच्याचा.

१८६५ च्या सुमारास खंडेरावांनी तो करवून घेतला. रेशीम आणि हरणाच्या कातड्यावर आखातातले बारीक 'बसरा' मोती, १५ ते २० लाख असावेत असा अंदाज आहे, वर हिरे, माणकं, पाचू, नीलम. मदिनेला पैगंबरांच्या कबरीवर अर्पण करायचा म्हणून. हिंदू राजाने, हे आजच्या काळात मुद्दाम सांगावंसं वाटतं. म्हणजे ज्याने करवला त्याच्या मनात ती विकायची वस्तूच नव्हती. १८७० मध्ये महाराज गेले आणि गालिचा बडोद्यातच राहिला. १९०२-०३ च्या दिल्ली प्रदर्शनात लोकांनी तो बघितला. पुढे बडोद्याच्या महाराणी सीतादेवींबरोबर मोनॅकोला गेला, आणि २००९ मध्ये दोह्यात लिलाव झाला तेव्हा सुमारे ५५ लाख डॉलर आले. वर्तमानपत्रं त्याच्या कितीतरी पट आकडा रंगवत होती. एकीकडे म्हणायचं अमूल्य, दुसरीकडे हातोडा पडला की म्हणायचं, एवढेच? मला ही गंमत वाटते.

आता खरी गोष्ट पुढे आहे. १९१७ मध्ये न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवरचा एक वाडा कार्तिए या जवाहिऱ्यांच्या पेढीने घेतला, तो नैसर्गिक मोत्यांच्या दुपदरी हाराच्या बदल्यात. वर फक्त १०० डॉलर. हाराची किंमत तेव्हा १० लाख डॉलर धरली होती. घरमालकाच्या बायकोला तो हार आवडला होता, बस्स. त्यानंतर जपानी मिकिमोतोचे संवर्धित, म्हणजे शिंपल्यात मुद्दाम वाढवलेले, मोती युरोप-अमेरिकेत आले, वर १९२९ ची मंदी आली, आणि नैसर्गिक मोत्यांचा बाजार बसला. बहरीन-कुवेतचे पाणबुडे देशोधडीला लागले. १९५७ मध्ये तो हार विकला गेला तेव्हा जेमतेम दीड लाख डॉलर मिळाले. एकही मोती काळा पडला नव्हता, एकही हरवला नव्हता. शेजारच्या शिंपल्यात माणसाने हात घातला, म्हणून या शिंपल्यातला मोती स्वस्त झाला. वाडा मात्र अजून कार्तिएकडेच आहे.

आणि चक्र इथे थांबत नाही. बडोद्याच्या प्रसिद्ध सातपदरी हारातल्या ६८ मोत्यांचा दुपदरी हार २००७ मध्ये ७० लाख डॉलरच्या वर गेला. आता नैसर्गिक मोती मिळतच नाहीत, म्हणून परत महाग.

सराफकट्टा

बखरसाहेब, त्या बाईंनी वाडा ठेवायला हवा होता!

पटोळावाली

मला एक पटत नाही. वर कोणीतरी कॅनव्हास-रंगांचा हिशोब मांडला, आणि त्यावर कोणी मेहनतीचा मुद्दा नीट काढलाच नाही. मी साड्यांच्या धंद्यात आहे, म्हणून पाटणच्या पटोळ्याचं सांगते. ताणा आणि बाणा दोन्हीकडचा धागा विणायच्या आधीच बांधून बांधून रंगवायचा. मग विणताना उभ्या धाग्यावरचा लाल ठिपका आडव्या धाग्यावरच्या लाल ठिपक्यावर बरोब्बर बसायला हवा. सुईने सारखा करत करत दोन माणसं बसतात. एका साडीला महिने लागतात, काहींना वर्षाच्या आसपास. उलटी-सुलटी बाजू एकच दिसते. गुजरातीत म्हणतातच, "पडी पटोळे भात, फाटे पण फीटे नहि." कापड फाटेल, रंग जाणार नाही. लाखांच्या घरात भाव जातो आणि मला त्यात एक पैसाही जास्त वाटत नाही.

राजकोटचं पटोळं म्हणजे बहुतेक वेळा एकाच बाजूचा धागा रंगवलेलं, म्हणून खूप स्वस्त, आणि तेही प्रामाणिक काम आहे. राग येतो तो छापील 'पटोला प्रिंट'वर पाटणचं नाव सांगून विकणाऱ्यांचा. पण गिऱ्हाईकाला विचारा, लग्नाच्या फोटोत कोणाला कळतं? कोणालाही नाही.

तर माझं म्हणणं, जिथे हाताचे तास मोजता येतात तिथे किंमत खरी. चित्रकारांनी मनाला येईल तो आकडा लावायचा आणि आपण 'कला' म्हणून मान डोलवायची, हे मला जमत नाही. माफ करा.

जुना_प्रिंटमेकर

माफी कशाला, पण तासांवर गेलात तर चित्रकार नसरीन मोहम्मदींचं काय करणार? फॅकल्टीत शिकवायच्या, १९९० मध्ये वारल्या. पेन्सिल, शाई, कागद आणि रेषा. बहुतेक कामांना नाव नाही, तारीखही नाही. हयातीत बाजाराने विशेष विचारलं नाही. २०१६ मध्ये न्यूयॉर्कला मेट ब्रॉयर म्युझियम उघडलं तेव्हा सुरुवातीच्या प्रदर्शनांत त्यांचं एक होतं. त्या रेषांना तास किती लागले, सांगा पाहू. आणि चित्रकार भूपेन खख्खर घ्या. शिक्षणाने चार्टर्ड अकाउंटंट, बडोद्यात बरीच वर्षं अकाउंटंटची नोकरी करत चित्रं काढली. त्यांचं 'टू मेन इन बनारस' २०१९ मध्ये लंडनला २५ लाख पौंडांच्या वर गेलं. दोन पुरुषांच्या प्रेमाचं असं चित्र १९८२ मध्ये काढायला तासांपेक्षा छाती जास्त लागली असणार. छातीचे किती लावायचे?

पटोळावाली

छातीचे लावा हो. पण मग विणकराच्या डोळ्यांचेही लावा. पंचेचाळिशीत चष्म्याचा नंबर कुठे जातो बघा.

जुना_प्रिंटमेकर

हे मान्य.

अभिजित_प्रतापगंज

नाव आणि वस्तू यावरून हॉलंडच्या व्हान मेगेरेनची गोष्ट सांगायलाच हवी. या गड्याने स्वतः चित्र रंगवलं, जुनं दिसेल असं भाजलं, आणि १९३७ मध्ये ते सतराव्या शतकातल्या डच चित्रकार व्हर्मीरचं म्हणून रॉटरडॅमच्या म्युझियमसाठी ५ लाख २० हजार गिल्डरला घेतलं गेलं. मोठमोठे जाणकार त्याच्यासमोर गहिवरले होते. युद्ध संपल्यावर हा पकडला गेला, कारण व्हर्मीरचं एक चित्र नाझी नेता गोरिंगकडे गेल्याचा माग त्याच्यापर्यंत आला. राष्ट्राचा ठेवा शत्रूला विकल्याचा आरोप. सुटायचा एकच मार्ग होता: "तो ठेवा नव्हताच, मी केलाय." कोणी विश्वास ठेवेना, तेव्हा पहाऱ्यात बसून आणखी एक 'व्हर्मीर' रंगवून दाखवला.

माझा प्रश्न मृण्मयीला. गहिवरलेल्या लोकांचं गहिवरणं खोटं होतं का? चित्र तर तेच होतं. मला वाटतं खोटं नव्हतं, पण ते चित्रासाठी कमी आणि व्हर्मीर हाताशी लागल्याच्या आनंदासाठी जास्त होतं. उद्या तुझा घोडा मणीसरांचा ठरला तर तुलाही तो जास्त सुंदर दिसायला लागेल. खरं सांग, आत्ताच दिसायला लागलाय ना?

मृण्मयी_रावपुरा

अभिजितदादा, पकडलंस. ते गृहस्थ गेल्यावर मी घोड्याचे सतरा फोटो काढले. आधीच्या चाळीस वर्षांत एक काढला नव्हता.

अपडेट देते. आत्याला सगळा धागा वाचून दाखवला. मोत्यांच्या हाराला हसली, सराफकाकांना "खरं बोलतोय" म्हणाली. मग मी विचारलं, कितीला घेतला होता गं? म्हणे आठवत नाही, पण तेव्हा महाग वाटला होता, बसने न जाता चालत घरी आले. आणि फेअरमध्ये तो कोणी विकला, ते? "एक बारीकसा मुलगा होता, दाढी होती, दोरी कशी ओढायची ते दाखवत होता." दाढी तर फाइन आर्ट्समध्ये सगळ्यांनाच असणार.

घोडा लॉकरमध्ये जाणार नाही. जुन्या अल्बममध्ये फेअरचा फोटो आहे का ते मी शोधतेय, पण विकण्यासाठी नाही. मला कळून घ्यायचंय, एवढंच. वहिनी नाराज आहे आणि तिचं चुकतंय असंही मला म्हणवत नाही. गुडघ्यांचा खर्च खरा आहे.

शैला_मांजलपूर

वहिनींच्या बाजूने एक मत नोंदवा. 'पैशात मोजू नये' हे म्हणायला आधी पैसे लागतात.

कामाठीबागेतला

सगळे विकण्या-घेण्याचंच बोलताय, म्हणून उलट बाजू. गायकवाड घराण्याच्या स्मारकात, कीर्तिमंदिरात, शेवटचं कधी गेला होतात? आत नंदलाल बोसांची भित्तिचित्रं आहेत, १९३९ ते १९४६ या काळात केलेली: गंगावतरण, मीरा, नटीर पूजा, महाभारतातलं युद्ध. नंदलालांची कामं कायद्याने राष्ट्रीय कलाठेवा आहेत, देशाबाहेर नेता येत नाहीत. त्यातून ही तर भिंत. लिलाव नाही, विमा कंपनीचा अंदाज नाही, 'पुढच्या वर्षी दुप्पट' नाही. तशीच आपली तांबेकर वाड्याच्या भिंतींवरची चित्रं. आपल्या शहरात यांच्या तोडीचं फार थोडं आहे, आणि दोन्हीकडे मी गेलो तेव्हा माझ्याशिवाय एक चौकीदार. ज्याला भाव नाही ते बघायला कोणी येत नाही, हा माझा अनुभव. हेच ४० कोटींना विकलं गेल्याची बातमी आली असती तर सेल्फीसाठी सेव-उसळीच्या गाडीसारखी गर्दी झाली असती.

सुमेध_अलकापुरी

रविवारी जातो. वडिलांनाही नेतो. (कीर्तिमंदिरात. सेव-उसळ नंतर.)

वकील_न्यायमंदिरवाले

उशिरा आलो, पण एक कायदेशीर बाब कोणी काढली नाही. चित्र ११८ कोटींना गेलं तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना काय? आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलम ५३अ आलं. मूळ चित्र, शिल्प, रेखाटन किंवा हस्तलिखित पुन्हा विकलं गेलं आणि भाव दहा हजारांच्या वर असेल, तर कर्त्याला किंवा वारसांना त्यात वाटा मागता येतो, जास्तीत जास्त दहा टक्के. कॉपीराइट जिवंत असेपर्यंत. कलम छान आहे. माझ्या इतक्या वर्षांच्या वकिलीत ते घेऊन माझ्याकडे कोणी आलेलं नाही.

जुना_प्रिंटमेकर

येणार कसं? आमच्यातल्या निम्म्यांनी पहिली चित्रं फ्रेमवाल्याची उधारी फेडायला दिली. ती आज कुठे आहेत कोणाला माहीत. मागायचं तरी कोणाकडे?

पटोळावाली

वकीलसाहेब, जुनी पटोळी आता संग्राहक लोक मोठ्या भावात घेतात. विणणाऱ्याच्या घरच्यांना त्यातलं काही मिळतं का, तुमच्या ५३अ खाली?

वकील_न्यायमंदिरवाले

नाही. चित्र, शिल्प, रेखाटन, हस्तलिखित. यादीत साडी नाही.

पटोळावाली

वाटलंच होतं. सुईने एकेक धागा सारखा करणाऱ्याला 'कर्ता' म्हणायला कायद्याला कोणी सांगायचं? अर्ज कुठे करायचा ते सांगा, मसुदा मी गुजरातीत लिहिते, मराठी तुम्ही करा.